घरानेच नाही म्हणावं म्हणून

तपासणीला एकटी आत्या जाणार होती. ठरलं तसंच होतं. पण सकाळी ती चपला घालून दारात आली, तर तिच्या भावाचा धाकटा मुलगा गाडी सुरू करून बसलेला, त्याच्या शेजारी भाऊ स्वतः पट्टा लावून तयार, मागे थोरली मुलगी मांडीवर डबे घेऊन, आणि धाकट्याची बायको घराला कुलूप लावून किल्ली पर्समध्ये टाकत होती. वऱ्हाडच निघालं होतं म्हणायचं.

"मी काही बोलणार नाही," भाऊ खिडकीतून म्हणाले. "फक्त बघायला येतोय."

"तिथे खायला काही मिळायचं नाही, म्हणून मी," थोरली म्हणाली.

"आणि बसने कुठे धक्के खात जातेस?" धाकटा म्हणाला.

सूनबाईने कारण शोधायचा त्रासच घेतला नाही. "मला घरी एकटीला कंटाळा येईल," एवढंच म्हणाली आणि आत्यासाठी खिडकीची जागा सोडून मध्ये सरकली.

आत्याने चौघांकडे एकेक करून पाहिलं. "या. चौघं आहात, वेळ आलीच तर खांद्यालाही पुराल."

"काहीतरीच बोलू नकोस," भाऊ म्हणाले. पण त्यांचा आवाज नेहमीसारखा चढला नाही. चढायला मन साफ लागतं, आणि भाऊंचं मन त्या दिवशी तितकंसं साफ नव्हतं.

या घराण्याची तऱ्हाच वेगळी, आणि तिचं मूळ दुकानात होतं. तराजू आणि वजनकाटे दुरुस्त करायचं दुकान. भाऊंच्या वडिलांनी काढलं, भाऊंनी वाढवलं, आणि आता ते धाकटा चालवतो असं भाऊ गावभर सांगत. फक्त धाकट्याला काही चालवू देत नसत. वडिलांनी एक शिस्त घालून दिली होती. एखाद्या दुकानदाराचा काटा खोटा निघाला, तरी त्याच्या तोंडावर 'तू खोटा आहेस' असं म्हणायचं नाही. 'काटा जरा हलका दाखवतोय' इतकंच म्हणायचं. त्याची अब्रू राहते आणि आपलं गिऱ्हाईक राहतं. ही शिस्त दुकानातून घरात कधी शिरली ते कुणालाच कळलं नाही, पण शिरली ती अशी की घरातलं कुणी कुणाला आपल्या तोंडाने 'नाही' म्हणेनासं झालं. थोरलीला लहानपणी नाच शिकायचा नव्हता, तेव्हा नकार दिला तिच्या गुडघ्याने. धाकट्याला परगावची नोकरी नको होती, तर तिथलं पाणी आडवं आलं. खुद्द भाऊंना दुसरं लग्न करायचं नव्हतं, ते दुकानातल्या कामाने मोडलं. नाही म्हणायला कुणीतरी तिसरं मिळायचंच, आणि घरातली माणसं एकमेकांशी गोडच राहायची.

त्यामुळे आत्याने जेवता जेवता सांगितलं की तिला घाटापलीकडच्या एका खेड्यातलं जुनं दगडी घर विकत घेऊन तिथे राहायला जायचंय, तेव्हा एकानेही नको म्हटलं नाही. सगळे एका सुरात म्हणाले, "आधी तपासून घे." पायापासून कौलापर्यंत, नीट, सविस्तर, जुन्या बांधकामातल्या माणसाकडून. आत्याने मान डोलावली आणि एक इंजिनिअरबाई शोधून काढली. प्रत्येकाने मनात सुटकेचा श्वास सोडला. आता घरच नाही म्हणेल, आपल्याला म्हणायला नको.

आत्या ही भाऊंची धाकटी बहीण. रुग्णालयात परिचारिका होती. भाऊंची बायको गेली तेव्हा मुलं लहान होती, आणि आत्या भाऊंकडे राहायला आली ती 'जरा घडी बसेपर्यंत'. घडी बसली. मुलं मोठी झाली, धाकट्याचं लग्न झालं, आत्या निवृत्त झाली. तिची खोली मात्र तीच राहिली, जिच्यातून गच्चीवर कपडे वाळत घालायला जावं लागतं. तिचं दार दिवसा कधी लागलंच नाही. ओले कपडे, डोळे चोळणारी मुलं, लाइट दुरुस्त करणारा, सगळे तिच्या पलंगाला वळसा घालून जात आले. तिनेही कधी तक्रार केली नव्हती. तक्रार करायला तरी या घरात कोण होतं? तीसुद्धा त्याच वडिलांची मुलगी.

भाऊंना ती जायला नको होती. साधी गोष्ट होती, पण ती ओठांवर येईना. म्हणून त्यांनी दुकानाच्या मागच्या खोलीतून इंजिनिअरबाईंना गुपचूप फोन केला होता.

"घर जुनं आहे," ते म्हणाले होते, "जरा कडक नजरेने बघा. काही सापडलं तर सापडू द्या."

"आणि नाही सापडलं तर?"

"सापडेल हो. मनावर घेतलं की सापडतं."

फोन ठेवल्यावर त्यांना घाम फुटला. जन्मभर दुसऱ्यांची पारडी सरळ करत आलेल्या माणसाने आज स्वतः पारड्यावर बोट ठेवलं होतं. ते बोट आता गाडीत बसल्या बसल्या ठणकत होतं. बाई तिथे काही बोलल्या तर? घाट लागला तेव्हा त्यांनी खिडकी उघडली, धाकट्याने विचारलं, "मळमळतंय का?" आणि भाऊंनी संधी साधून "वळणं फार आहेत" म्हणून सगळं वळणांवर ढकललं.

घर गावाच्या टोकाला, उतारावर होतं. करड्या दगडाचं, बसकं, दाराच्या वर एकच लांब दगड आडवा टाकलेला. पुढे दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, त्याला लागून न्हाणीघर, वर माळा, आणि माळ्यावर कौलं. इंजिनिअरबाई आधीच आल्या होत्या. शिडीवर उभ्या राहून त्या पन्हळीत हात घालून कुजलेला पाला बाहेर फेकत होत्या. पायात जाड बूट, कपाळावर दिवा, कमरेला हातोडी.

"तपासणी कुणाची?" त्यांनी वरूनच विचारलं.

"माझी," आत्या म्हणाली. "म्हणजे घराची."

"आणि हे सगळे?"

"ही माझी माणसं. यांना नाही तपासलंत तरी चालेल. यांच्या भेगा मला पाठ आहेत."

बाई हसल्या, खाली उतरल्या, आणि उतरता उतरता भाऊंकडे एक कटाक्ष टाकला. भाऊंनी तातडीने एका दगडाचं निरीक्षण सुरू केलं. तो दगड फारच साधा होता, तरी त्यांनी तो बराच वेळ पाहिला.

मग घरभर टकटक सुरू झाली. बाई हातोडीच्या मागच्या टोकाने भिंत ठोकत, कान लावत, एक छोटं यंत्र गिलाव्याला टेकवून ओल मोजत, ओळंबा सोडून भिंत सरळ आहे का बघत. त्यांच्या मागे आत्या, आत्याच्या मागे थोरली, मागे धाकटा आणि सूनबाई, आणि सगळ्यात मागे भाऊ, हातात कापडी पिशवी.

पहिला विजय थोरलीने मिळवला. "भेग!" ती स्वयंपाकघरातून ओरडली. "भाऊ, इकडे या! केवढी मोठी भेग!" परीक्षेत पहिली आली तेव्हाही ती इतकी आनंदाने ओरडली नव्हती.

खिडकीच्या कोपऱ्यापासून छतापर्यंत तिरपी भेग गेली होती. भाऊंनी चेहऱ्यावर जमेल तेवढं दुःख आणलं. "अरेरे," ते म्हणाले. "चांगलं होतं हो घर."

बाईंनी दिव्याचा झोत टाकला. भेगेच्या मध्यावर बोटाएवढी काचेची पट्टी आडवी चिकटवलेली होती, धुळीने माखलेली.

"ही बघा," त्या म्हणाल्या. "जुन्या मालकाने लावून ठेवलेली दिसते. दोन्ही टोकं भिंतीच्या दोन बाजूंना घट्ट. भिंत हलत असती तर ही काच केव्हाच तडकली असती. अखंड आहे. म्हणजे भेग जुनी आहे आणि थांबलेली आहे."

"म्हणजे जखम भरली, व्रण राहिला," आत्या म्हणाली.

"अगदी तसंच."

थोरलीने काचेकडे असं पाहिलं की काच तिच्या भीतीनेच तडकावी. तडकली नाही.

मग भाऊंनी पिशवी उघडली. आत दुकानातली पाणसळ होती, कापडात गुंडाळलेली. ती त्यांनी न्हाणीघराच्या फरशीवर ठेवली, गुडघ्यावर बसले, चष्मा सारखा केला. आतला बुडबुडा सरळ एका टोकाला पळाला.

"घ्या!" भाऊ म्हणाले. "घर एका बाजूला खचतंय. मी बोलणार नव्हतो, पण बुडबुडा काही खोटं बोलत नाही."

"काका, ही न्हाणी आहे ना," बाई शांतपणे म्हणाल्या. "उतार मुद्दाम दिलाय. नाहीतर पाणी बाहेर कसं जाणार?"

सूनबाईने तोंडावर रुमाल धरला. धाकट्याने वडिलांना हाताला धरून उठवलं. आत्या म्हणाली, "चला, भाऊंनी न्हाणी पास केली," आणि पुढे गेली. भाऊंनी पाणसळ पुन्हा कापडात गुंडाळली. इतकी वर्षं ती त्यांच्याशी इमानाने वागली होती, आजच काय झालं तिला, असं त्यांना वाटलं.

माळ्यावर गेल्यावर तर फितुरीच झाली. बाईंना वासे बघायचे होते, त्यांना शिडी धरायला म्हणून धाकटा वर गेला तो खाली येईना.

"आत्या!" वरून आवाज आला. "इथे सरळ उभं राहता येतं! आणि छोटी खिडकी आहे, तिच्यातून खालचं सगळं खोरं दिसतंय. इथे एक टेबल टाकलं ना... बारीक काट्यांचं काम करायला काय उजेड आहे!"

"तू कुणाच्या बाजूचा आहेस?" थोरलीने शिडीच्या तळाशी उभं राहून दात ओठ खात विचारलं.

"बाजू कसली? मी फक्त उजेडाबद्दल बोलतोय."

"उजेडाबद्दल कमी बोल."

इकडे सूनबाईचं उलटं झालं होतं. गाडीत ती सबंध वेळ आत्याच्या बाजूने बोलत होती: हवा किती छान, शांतता किती छान. आता ती स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून गप्प उभी होती. "फारच लांब आहे हो, आत्या," ती म्हणाली. "अडीअडचणीला..." आणि पुढचं वाक्य तिने गिळून टाकलं. आत्याने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिला बसायला एक उपडी बादली दिली. भाऊंना वाटलं, दमली असेल पोर. भाऊंना काटे सोडून दुसरं काही पटकन दिसत नसे.

घराचं खरं दुखणं सापडलं ते उत्तरेच्या भिंतीत. बाहेरून पाहिलं तर ती मधोमध फुगलेली होती.

"हिचं पोट सुटलंय," बाई म्हणाल्या. "जुनी दगडी भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती असतात. आतली एक, बाहेरची एक, मध्ये चुरा भरलेला. नंतर कुणीतरी हौसेने बाहेरून सिमेंट थापलं. चुन्याच्या भिंतीला श्वास घ्यायला लागतो. सिमेंटने तिचं तोंड दाबलं, आत शिरलेलं पाणी आतच राहिलं, आणि बाहेरची भिंत सुटून पुढे आली. वरच्या तुळईचं या भिंतीतलं टोकही कुजलंय." त्यांनी खिशातला चाकू तुळईच्या टोकात खुपसला. तो लोण्यात जावा तसा गेला.

भाऊंना जे हवं होतं ते मिळालं होतं. थोरलीने त्यांच्याकडे हळूच बघितलं, म्हणजे आता तुम्ही म्हणा काहीतरी. पण भाऊ आत्याकडे बघत होते. ती त्या फुगलेल्या भिंतीवर तळहात ठेवून उभी होती, एखाद्या पेशंटच्या पोटावर ठेवावा तसा. तिचा चेहरा उतरलाय की सुटल्यासारखा झालाय, हे काही त्यांना वाचता येईना. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

दुपारी सगळे पुढच्या पायऱ्यांवर बसले. थोरलीने डबे उघडले, थर्मासमधला चहा कपांत ओतला. बाईंनी हात धुतले, एक उकडलेलं अंडं सोलून खाल्लं आणि म्हणाल्या, "लेखी अहवाल मी नंतर पाठवीन. पण काय सापडलं ते आत्ता तोंडी सांगते. त्याआधी माझा एक नियम आहे. ज्यांच्यासाठी तपासणी करते, त्यांच्यापासून मी काही लपवत नाही. त्यात दुसऱ्यांनी मला केलेले फोनही येतात."

भाऊंना ठसका लागला. सूनबाईने त्यांच्याकडे न बघताच त्यांना पाणी दिलं.

"पहिला फोन एका काकांचा होता. मागे काहीतरी ठोकल्याचा आवाज येत होता. म्हणाले, मनावर घेतलं की दोष सापडतो."

सगळ्यांनी भाऊंकडे पाहिलं. "भाऊ!" थोरली म्हणाली. "तुम्ही? तुम्ही असं करावं?" तिच्या आवाजात खराखुरा धक्का होता.

"दुसरा फोन तुमचा," बाई तिला म्हणाल्या. "घरात ओल असेल तर जरा ठळक सांगा, कारण आत्याला दमा आहे."

"मला दमा आहे?" आत्याने विचारलं.

"होऊ शकतो," थोरली खालमानेने म्हणाली.

धाकटा मोठ्याने हसला, आणि मधेच थांबला, कारण बाई आता त्याच्याकडे वळल्या होत्या. "मी काहीच चुकीचं बोललो नाही," तो घाईघाईने म्हणाला. "अहवाल जरा सावकाश दिलात तरी चालेल, एवढंच म्हणालो."

"का रे?" आत्या म्हणाली.

"तोपर्यंत दुसऱ्या कुणीतरी घर घेऊन टाकलं असतं."

"शाबास. आणि तू गं?" आत्याने सूनबाईला विचारलं. सूनबाईचे कान लाल झाले.

"मी म्हटलं, घर चांगलं आहे असंच सांगा. खरंच मला तसंच वाटत होतं. फक्त काम पुरं व्हायला वर्ष लागेल म्हणा. तोपर्यंत बाळ होऊन जरा मोठं झालं असतं."

"कुणाचं बाळ?" भाऊंनी विचारलं.

धाकटा एकदम चपलेचा पट्टा बघायला वाकला. भाऊंनी सुनेकडे पाहिलं, मग त्या उपड्या बादलीकडे, मग आत्याकडे. "तुला माहीत होतं?"

"मी परिचारिका आहे भाऊ. मला तिच्याही आधी माहीत होतं."

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"योग्य वेळ बघत होतो," धाकटा चपलेशी बोलला. एरवी भाऊ अशा उत्तरावर तडकले असते. पण त्या क्षणी त्यांना आनंदही झाला, रागही आला आणि लाजही वाटली, आणि यातलं आधी काय करावं हे न सुचून त्यांनी सुनेच्या कपात स्वतःचा उरलेला चहा ओतला.

"अजून एक फोन राहिला," बाई म्हणाल्या. त्या आत्याकडे बघत होत्या. "सांगू का, काकू?"

आत्याने चहाचा कप पायरीवर ठेवला. "सांगा. सगळ्यांचं निघालं, मग माझंच कशाला झाकायचं?"

"काकूंनी विचारलं, घर पडकं निघायची शक्यता किती. मी म्हटलं, बघितल्याशिवाय कसं सांगू? तर म्हणाल्या, पडकं निघालं तर बरं होईल."

या सगळ्यांनी आत्याला फसवायचा बेत केला होता, आणि आत्या त्याच बेतात त्यांच्याही पुढे जाऊन बसली होती.

"तूसुद्धा?" भाऊ म्हणाले.

"तुमचीच ना मी," आत्या म्हणाली. "घर बघितलं आणि जीव जडला. आतून कडी लावता येईल असं दार. त्या दाराचं मला स्वप्न पडायचं. पण जाऊ की नको, हे ठरेना. कुणी जा म्हणेना, कुणी राहा म्हणेना. जो तो म्हणे, तपासून घे. मग वाटलं, भिंतीच ठरवू देत. पडक्या निघाल्या तर राहीन गप्प त्या गच्चीच्या वाटेवर. निदान मी ठरवलं असं तरी होणार नाही."

बाई उठल्या, बुटांवरची माती झटकली. "मग ऐका. उत्तरेची भिंत उतरवून पुन्हा बांधावी लागेल. एक तुळई बदलायची. सगळं सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा करायचा, पन्हळी साफ ठेवायच्या. काम आहे, थोडं नाही. पण पाया खणखणीत आहे, बाकीच्या भिंती ओळंब्यात आहेत. हे केलं तर घर आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त टिकेल. घर नाही म्हणत नाहीये, काकू. नाही म्हणायचं असेल तर तुमच्यापैकीच कुणालातरी म्हणावं लागेल." एवढं बोलून त्या शिडी घडी करायला घरामागे गेल्या.

आत्या भाऊंकडे वळली. "झालं? आता भिंत नाही, ओल नाही, माझा दमा नाही. तू सांग."

"माझं काय त्यात? तुला योग्य वाटेल ते..."

"तोंडाने सांग, भाऊ."

भाऊंनी मुलांकडे मदतीसाठी पाहिलं. मुलं खोऱ्याकडे बघत होती. "म्हणजे बघ," त्यांनी सुरुवात केली, "माझ्या औषधांच्या वेळा तुलाच माहीत असतात."

"मोबाइलला गजर लाव."

"घरात आता बाळ येणार."

"तेव्हा मी येणारच आहे. तुझ्यावर सोडीन का?"

"गॅसवाला, लाइटवाला, किल्ल्या... सगळं कुठे काय असतं..."

"ती सगळी कामं झाली," आत्या म्हणाली. तिचा आवाज मऊ होता, पण ती सोडणार नव्हती. "कामाला माणूस मिळतं. आणखी काही आहे का? नसेल तर नसेल. मी रागावणार नाही."

भाऊंनी आपल्या तळहातांकडे पाहिलं. तेलाने आणि पितळेने काळवंडलेल्या रेषा होत्या, कितीही धुतल्या तरी न जाणाऱ्या. मग ते बोलायला लागले, आणि ते आत्याशी न बोलता त्या हातांशीच बोलताहेत असं वाटत होतं.

"संध्याकाळी मी दुकान बंद करून येतो. तू दार उघडतेस. आधी पाणी देत नाहीस, काही नाही. विचारतेस, आज कुणाचा काटा खोटा निघाला? मी सांगतो. तू हसतेस. मग मला घरी आल्यासारखं वाटतं." ते थांबले. "खरं तर पुष्कळदा कुणाचाच निघत नाही. इलेक्ट्रॉनिक काटे आले, आता काय सापडणार? मग मी येता येता काहीतरी रचतो."

"रचतोस?"

"बरेचदा."

"तो साखरवाला? ज्याने काट्याखाली लोहचुंबक लपवलं होतं आणि त्याला त्याच्याच बायकोचा चमचा चिकटला?"

"असा कुणी साखरवाला नाहीच."

आत्या हसायला लागली. असं हसली की तिला पायरीचा आधार घ्यावा लागला, आणि हसता हसता तिचे डोळे भरून वाहायला लागले, ते तिने पुसलेही नाहीत. थोरली उठून तिच्याजवळ जायला निघाली, तेवढ्यात भाऊ म्हणाले,

"नको जाऊस."

थोरली जागच्या जागी थांबली. आपल्या वडिलांच्या तोंडून 'नको' हा शब्द कुठल्याही औषधाच्या, हवेच्या किंवा गिऱ्हाइकाच्या आडोशाशिवाय तिने कधी ऐकला नव्हता.

"औषधांसाठी नाही, बाळासाठी नाही," भाऊ म्हणाले. "मला करमणार नाही. मलाच. नको जाऊस."

आत्याने त्यांचा हात धरला. एवढ्या वर्षांत त्या दोघांनी एकमेकांना रुपयाची नाणी, औषधाच्या गोळ्या, किल्ल्या, ताटं, सगळं काही हातात दिलं होतं. हात असा कधी धरला नव्हता.

"कामाची आहे हे मला रोज कळायचं," ती म्हणाली. "हवी आहे, हे आज कळलं. इतकंच ऐकायचं होतं रे."

"मग राहतेस?" भाऊंनी विचारलं. त्यांचा चेहरा उजळला होता.

"नाही. घर घेतेय."

"अगं!" भाऊ जवळजवळ ओरडलेच. "मी आत्ताच नको म्हणालो ना! आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो!"

"म्हणालास म्हणून तर जाता येईल," आत्या म्हणाली. "न म्हणताच सोडलं असतंस, तर घरातला एखादा स्टूल उचलून नेल्यासारखी गेले असते. कुणाच्या पायात येतोय म्हणून. आता मी कुणालातरी सोडून जाईन. आणि ज्याला सोडून जाते, त्याच्याकडे परतही येता येतं. रविवारी येईन. साखरवाल्याचं पुढे काय झालं ते तयार ठेव."

ती उठली. किल्ली शेजारच्या घरातून आणलेली होती. ती परत द्यायला आणि मालकाला निरोप सांगायला ती उतरणीने निघाली. सूनबाई तिच्याबरोबर चालू लागली. धाकटा घरामागे इंजिनिअरबाईंना विचारायला गेला की त्या उत्तरेच्या भिंतीचं काम चालू असताना माळ्यावर एक टेबल ठेवलं तर चालेल का.

भाऊ पायरीवरच बसून राहिले. त्यांचे खांदे हलायला लागले. थोरलीला क्षणभर काय करावं कळेना, मग ती जवळ बसली, पदराचं टोक त्यांच्याकडे धरलं आणि घरातल्या जुन्या सवयीने म्हणाली, "चुन्याची धूळ गेली असेल डोळ्यांत. मघापासून उडतेय."

"धूळ नाही," भाऊ म्हणाले. "रडतोय मी."